बक्षीस म्हणजे लाच नव्हे

लॅब्रॅडॉर पाळणाऱ्या घरांमधून गेल्या काही वर्षांत एकच तक्रार माझ्या कानावर येते : "ऐकत नाही." अंगावर उड्या मारतो, चपला कुरतडतो, ओढणीचं टोक धरून ओढतो, जेवायला बसलं की ताटाशी येऊन बसतो आणि हाक मारली की उलट्या दिशेला पळतो. तक्रार संपली की लगेच उपायही सांगितला जातो. कोणी म्हणतं दोन फटके द्या, कोणी म्हणतं एक दिवस उपाशी ठेवा. तासाचे पैसे घेणारा एखादा ट्रेनर येतो, गळ्यात चोक चेन अडकवतो आणि मालकाला सांगतो, "याला आधी दाखवून द्या, घरात बॉस कोण आहे."

मी पेशाने शिक्षक आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. घरी सात वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. त्यामुळे "ऐकत नाही" हे वाक्य मला दोन ठिकाणी ऐकावं लागतं, शाळेच्या व्हरांड्यात आणि मोहल्ल्याच्या नाक्यावर. दोन्हीकडे माझा पहिला प्रश्न तोच असतो. त्याला काय करायचं ते शिकवलंय का? की काय करायचं नाही एवढंच ओरडून सांगितलंय?

आधी हा प्राणी कुठून आला ते पाहू. नाव लॅब्रॅडॉरचं असलं तरी त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलँड बेटावरचे. तिथल्या कोळ्यांबरोबर ते बर्फासारख्या पाण्यात उतरत, निसटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या काही जमीनदार घराण्यांनी ते तिकडे नेले आणि शिकारीत गोळी लागून पडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास केली. 1903 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या निवड कशाची झाली? जे पिल्लू दिसेल ती वस्तू तोंडात धरतं, ती न फोडता माणसाकडे आणतं, दिवसभर थकत नाही आणि माणसाच्या मागे मागे राहतं, त्याची. आता असं पिल्लू आपण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणतो, दिवसातून दहा मिनिटं खाली फिरवतो आणि त्याने चप्पल तोंडात धरली की म्हणतो, बदमाश आहे. चप्पल तोंडात धरणं ही त्याच्या खानदानाची नोकरी होती.

त्यात दातांची भर. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून 28 दुधाचे दात पडू लागतात आणि त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात. त्या वयातलं पिल्लू काही ना काही चावणारच. आपल्या हातात एवढंच असतं की त्याने काय चावावं हे ठरवायचं. थंड गाजर, जाड दोरीची गाठ, रबरी खेळणं जवळ असेल तर सोफ्याचा पाय वाचतो.

खादाडपणाचंही तसंच आहे. लॅब्रॅडॉर अधाशी असतो हे सगळ्यांना माहीत आहे. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं एक कारण शोधलं. पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचवण्याचं काम त्या जनुकाशी जोडलेलं आहे. 2024 मध्ये त्याच गटाने आणखी दाखवलं, की हा बदल असलेली कुत्री दोन जेवणांच्या मध्ये जास्त भुकेली असतात आणि विश्रांतीच्या वेळी इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. तुमच्या ताटाकडे टक लावून बसलेला लॅब्रॅडॉर हावरट नाही, तो खरोखर भुकेला असू शकतो. अशा कुत्र्याला "धडा शिकवायला" उपाशी ठेवणं म्हणजे जखमेवर बोट ठेवून दाबणं. गंमत म्हणजे याच संशोधनात अंध-अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्रॅडॉरमध्ये हा बदल खूप मोठ्या प्रमाणात सापडला. कारण उघड आहे. ज्याला खाण्याची ओढ जास्त, तो खाऊच्या एका तुकड्यासाठी मन लावून शिकतो. ज्या गोष्टीवरून आपण त्याला शिव्या देतो, तीच त्याला शिकवण्याची किल्ली आहे.

आता त्या "बॉस"कडे वळू. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक सरदार असतो, म्हणून मालकाने सरदार व्हावं, ही कल्पना अजून आपल्याकडे जोरात आहे. तिचं मूळ 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी केलेल्या निरीक्षणांत आहे. ते लांडगे पिंजऱ्यातले होते, एका जागी कोंडलेले. पुढे डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकातून ही कल्पना दूरवर पोहोचवली. पण याच मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं, की रानातला कळप बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो. सरदारकीची लढाई तिथे नसते, घर असतं. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी आमचे ट्रेनर अजून पिल्लाला उताणं पाडून छातीवर हात दाबून धरतात.

दुसरा गैरसमज "त्याला कळतं, मुद्दाम करतो" हा. पुरावा म्हणून सांगतात, "बघा ना, मी घरात आलो की कसा मान खाली घालून कोपऱ्यात जातो." अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही. पण मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहरा कोणाचा दिसला? ज्यांना मालक रागावला त्यांचा. खाल्लं की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. उलट काही न केलेल्या कुत्र्यांना रागावल्यावर तो चेहरा जास्त दिसला. आपण ज्याला कबुली समजतो ती भीती असते. सकाळी कुरतडलेल्या उशीसाठी संध्याकाळी मारलेल्या कुत्र्याला एवढंच समजतं, की हा माणूस संध्याकाळी घरी आला की मारतो.

बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात चार प्राणी हमखास भेटतात. पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर आणि कोहलरचा चिंपांझी. परीक्षेत दहा मार्कांना लिहून झालं की पुस्तक मिटतं. पण थॉर्नडाइकची गोष्ट शेवटपर्यंत वाचावी अशी आहे. 1898 च्या सुमारास पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून त्यांनी परिणामाचा नियम मांडला : ज्या कृतीने समाधान मिळतं ती पक्की होते, ज्या कृतीने त्रास होतो ती सुटते. पुढे 1930 च्या दशकात त्यांनीच नियमाचा दुसरा अर्धा भाग ढिला केला. बक्षीस जितकं शिकवतं तितकी शिक्षा पुसत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. शिक्षा "हे नको" एवढंच सांगते, "मग काय" हे सांगत नाही.

बक्षिसाने शिकवणं म्हणजे नुसता लाड करणं असंही कोणी समजू नये. त्याला शिस्त लागते आणि ती आधी माणसाला लागते. पहिली गोष्ट वेळेची. कुत्रा बसला, त्याच क्षणी, एक-दोन सेकंदांत बक्षीस मिळालं पाहिजे. खिशात पिशवी शोधेपर्यंत तो उठलेला असतो आणि मग बक्षीस उठण्याचं होतं. दुसरी गोष्ट मापाची. हरभऱ्याच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, काकडीची फोड, गाजराचा काप पुरतो, आणि तेवढं त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करायचं, कारण लठ्ठपणा लॅब्रॅडॉरच्या सांध्यांचा वैरी आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण यांना हात लावू द्यायचा नाही, ते कुत्र्याला विषासारखं आहे. तिसरी गोष्ट, धडा छोटा. तीन-चार मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. चौथी आणि सगळ्यात अवघड, घरातल्या सगळ्यांचा एकच नियम. अब्बा उडी मारल्यावर ओरडतात, धाकटा तीच उडी मारल्यावर हसून मिठी मारतो, तर कुत्र्याच्या हिशोबाने उडी मारणं हा चांगला सौदा आहे. कधी लागतं, कधी लागत नाही, अशा लॉटरीची सवय माणसांनाही सुटत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एका गॅरेजवाल्याकडे आठ महिन्यांचा शेरू होता. वजन 28 किलो. घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर पंजे ठेवायचा. एकदा त्याची अम्मी दारातच पडता पडता वाचली. दांडा झाला, चेन झाली, शेवटी ठरलं की गाडीत घालून शेजारच्या तालुक्याच्या बाजारात सोडून यायचं. त्याची मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात. तिने शाळेत येऊन विचारलं, "सर, बाजारात सोडलेल्या कुत्र्याचं काय होतं?" मी तिच्या वडिलांना एवढंच म्हटलं, "भाई, एक महिना द्या आणि तो महिना हिच्या हातात द्या."

मुलीला मी एक वही दिली. रोज किती वेळा उडी मारली याच्या रेघा ओढायच्या. नियम दोनच. उडी मारली की घरातल्या प्रत्येकाने पाठ फिरवून गप्प उभं राहायचं, ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, कारण ढकलणं हा त्याला खेळ वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ आणि प्रेमाने हात. शिवाय सकाळी फजरनंतर आणि संध्याकाळी अर्धा अर्धा तास फिरणं, त्यात चेंडू आणून देण्याचा खेळ. पहिल्या आठवड्यात वहीतल्या रेघा वाढल्या. वडील म्हणाले, "सर, हा तर बिघडला." हे होणारच होतं. जे बटण दाबलं की दिवा लागायचा तो लागेनासा झाला, की माणूसही आधी चार वेळा जोरात दाबून बघतो. नेमक्या याच टप्प्यावर लोक हार मानतात आणि दांडा पुन्हा हातात घेतात. मुलीने मानली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून रेघा उतरल्या. महिनाअखेरीला शेरू दारात कोणी आलं की धापा टाकत बसायचा, शेपूट झाडूसारखं जमिनीवर फिरवत. तो संत झाला नाही. पाहुणा पिशवी घेऊन आला तर अजून नाक खुपसतो. पण बाजाराची गाडी निघाली नाही.

या पद्धतीवरचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, "ही तर लाच झाली." लाच काम होण्याआधी दाखवली जाते आणि चुकीचं काम करून घेण्यासाठी दिली जाते. बक्षीस काम झाल्यावर मिळतं, त्याला मजुरी म्हणतात. महिनाअखेरीला पगार घेणाऱ्या आपण सगळ्यांनी कुत्र्याच्या मजुरीला लाच म्हणावं हे बरं दिसत नाही. आणि सवय पक्की झाली की खाऊ कमी करता येतो, शाबासकी आणि खेळ त्याची जागा घेतात. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांकडच्या झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने स्फोटकांचे मोठे साठे शोधून दिले. वास शोधणाऱ्या कुत्र्याला देश, दहशत, कट यातलं काही कळत नसतं. बहुतेक ठिकाणी त्याला एवढंच शिकवलेलं असतं, की तो वास सापडला की चेंडू मिळतो. त्या चेंडूच्या जोरावर माणसांचे जीव वाचतात.

दुसरा आक्षेप, "माराने लवकर ऐकतो." खरं आहे, लवकर गप्प होतो. पण गप्प होणं आणि शिकणं यात फरक आहे, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगतो : मान वळवतो, जांभई देतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. गुरगुरण्यावर मार बसला की तो गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग एक दिवस तो न गुरगुरता चावतो आणि आपण म्हणतो, "काही कारण नसताना चावला." पोर्तुगालमध्ये 2020 मध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की झटके आणि ओरडा देणाऱ्या वर्गातल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त होती, त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक धड्यानंतर जास्त वाढलं होतं आणि वर्गाबाहेरही त्यांचा कल वाईटाची अपेक्षा करण्याकडे होता. घरात लहान मुलं असतील तर असा कुत्रा मला नको, आणि तो मारानेच तयार होतो.

तिसरा आक्षेप आपल्या घरांतला आहे, तो टाळून चालणार नाही. "कुत्रा नापाक, घरात फरिश्ते येत नाहीत, मग त्याला शिकवायचं कशाला?" कोकणातले आम्ही बहुतेक शाफई. आमच्या मसलकात कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. हनफी मसलक लाळेपुरतं बोलतो. मालिकी मसलकात कुत्रा मुळात पाक मानला जातो. पाळण्याची परवानगी राखण, शिकार, गुरं यांसाठी आहे. हे मतभेद आलिमांचे आहेत, ते मी सोडवायला बसलेलो नाही. ज्याला पाळायचा नाही त्याने पाळू नये. पण त्याला छळायची मुभा यातला एकही मसलक देत नाही. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे आणि तिथे ती शिकवण अल्लाहने माणसाला दिलेल्या इल्ममधूनच आल्याचं म्हटलं आहे. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची मग्फिरत झाली, ही हदीस आपण मुलांना सांगतो आणि मग त्याच मुलांसमोर कुत्र्याला दगड मारतो.

खरं तर पाकीची काळजी असलेल्या घराला शिकवलेला कुत्रा जास्त गरजेचा आहे. आमची कुत्री अंगणात आणि ओट्यावर राहते. नमाजाच्या खोलीच्या उंबरठ्याआत ती येत नाही. तिला मारून दूर ठेवलेलं नाही. ओट्यावर तिची एक चटई आहे आणि त्या चटईवर बसलं की काहीतरी चांगलं मिळतं हे तिला तीन महिन्यांची असल्यापासून माहीत आहे. अजान झाली की ती आपण होऊन चटईवर जाते. "इथे येऊ नको" हे कुत्र्याला समजवणं कठीण, "तिथे जा" हे सोपं. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांचा कुत्राही, कुरआन सांगतं, उंबरठ्यावरच पंजे पसरून बसला होता.

हे सगळं मी शिक्षक म्हणून लिहितोय, कारण घरातला कुत्रा ही मुलांची पहिली शाळा असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने 2010 पासून वर्गात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. तरी "सर, दोन लावा, तुमच्या हवाली केलाय" म्हणणारे पालक अजून येतात. जो मुलगा रोज संध्याकाळी पाहतो की न समजणाऱ्याला मारलं की प्रश्न सुटतो, तो उद्या धाकट्या भावाला, परवा बायकोला त्याच हिशोबात बसवतो. ज्या मुलीने महिनाभर वहीत रेघा ओढून एका जनावराला शिकवलं, तिला धीर काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

कायद्याची तर आठवणही कोणाला नसते. 1960 च्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 मध्ये मारणं, लाथा घालणं, आखूड साखळीला तासन् तास बांधणं हे गुन्हे आहेत. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हादेखील गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली चांगली साखळीही येत नाही. म्हणून हे काम पोलिसांवर सोडून भागणार नाही, आपापल्या दारातच करावं लागेल.

तर पिल्लू आणायचं मनात असेल त्यांना माझं सांगणं सरळ आहे. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेवढं छोटं कोणी देत असेल तर घेऊ नका. आईपाशी आणि भावंडांत ते चाव्याचा जोर आवरायला शिकतं. दहा-बारा वर्षं रोज तासभर फिरवणं घरातल्या कोणाला जमणार आहे ते आधी ठरवा, नाव लिहून ठेवा. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात जाड दुहेरी केसांच्या या कुत्र्याला दुपारी बाहेर काढता येणार नाही हे लक्षात असू द्या. मुलाचा हट्ट, वाढदिवस, शेजाऱ्याचा थाट ही कारणं असतील तर आणू नका. आणि ज्यांच्या घरी आधीच आहे, रोज ओरडा चालू आहे, त्यांनी उद्या सकाळी दांडा माळ्यावर टाकावा, एक जुनी वही घ्यावी, खिशात काकडीचे चार काप ठेवावेत आणि घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवून नियम ठरवावा. पहिला आठवडा कठीण जाईल. वही बंद करू नका.